दारं धरणं

शिरूरच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर सुवर्णाचं कपाळ आपटलं, आणि आवाज एवढा मोठा झाला की आतल्या मुलीनं आधी काचेकडं बघितलं आणि मग सुवर्णाकडं. काच शाबूत होती. दारावर, बरोबर नाकासमोर, पितळी पट्टीवर इंग्रजीत चार अक्षरं होती. पुल. पहिलीच्या पोरांना शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात शिकवायचा शब्द. गेली चौदा वर्षं सुवर्णा हा शब्द शिकवत आली होती, टेबल ढकलून, खुर्ची ओढून, हातवाऱ्यांसकट. आणि आज शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, नवा चष्मा घ्यायला म्हणून आलेली ही बाई त्याच शब्दाला सगळ्या अंगानिशी ढकलून मोकळी झाली होती. "मॅडम, पुल हाय, पुल," आतली मुलगी म्हणाली आणि हसली. वाईट नाही हसली. वीस-बावीसची पोरगी, हसू आलं म्हणून हसली, लगेच ओठ दाबून उठली आणि दार उघडून तिला आत घेतलं, पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं. पण ते हसू ऐकल्यावर सुवर्णाला कपाळाचं दुखणं जाणवेनासं झालं. हे हसू कुठलं, हे तिला कळलं होतं. ते तिचं स्वतःचं होतं. बारा दिवसांपूर्वी तिच्याच तोंडातून असंच निसटलं होतं, असंच बिनविषारी, आणि त्या दिवसापासून इनामगावच्या पुढच्या वस्तीवरच्या शाळेत तिसरीतल्या एका पोरीनं इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

पोरीचं नाव राजनंदिनी. घरी नंदी, शाळेतही नंदीच, कारण हजेरीत पूर्ण नाव घ्यायला लागलं की तीच हसायची. इंग्रजीची या पोरीला आवड म्हणावी की खोड, सुवर्णाला कधी ठरवता आलं नाही. सकाळी शाळेत येताना रस्त्यातल्या शेळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायची. मधल्या सुट्टीत नळाजवळ रांग लागली की 'मे आय ड्रिंक' म्हणून पुढं घुसायची, आणि मागची पोरं इंग्रजी आहे म्हणून वाट द्यायची. चुकायची तर ढिगानं चुकायची, पण थांबायची नाही, आणि तिच्या मागं मागं बाकीची सतरा पोरंही बोलायला लागली होती. सुवर्णाच्या वर्गात इंग्रजी जेवढी होती तेवढी या एका पोरीच्या जिवावर होती, हे सुवर्णा कुणाला सांगत नसली तरी जाणून होती. आणि मग ते केंद्रप्रमुख साहेब आले. इंग्रजी संभाषणाचा व्हिडिओ काढायचा होता, प्रत्येक शाळेचा एक. सुवर्णानं मोबाईल धरला, साहेबांनी विचारलं, "व्हॉट डज युवर फादर डू?" नंदी उठली, हात अंगाला चिकटवून ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "माय फादर होल्ड्स द डोअर्स." साहेबांना वाटलं बाप कुठं वॉचमन आहे. "व्हेअर?" त्यांनी विचारलं. "इन द अनियन," नंदी म्हणाली. मग थोडा विचार करून पुढं जोडलं, "व्हेन लाईट कम्स." साहेब आधी हसले की सुवर्णा, हे तिनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून शोधायचा प्रयत्न केला होता. आधी तीच हसली होती. मोबाईल तिच्या हातात होता म्हणून तिचा आवाज सगळ्यात मोठा आला होता, आणि चित्र हललं होतं, आणि त्या हलत्या चित्रात नंदी एकदा साहेबांकडं, एकदा मोबाईलकडं बघत होती, कुणीतरी काय झालं ते सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. व्हिडिओ ग्रुपवर गेला, त्याच्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे पिवळे चेहरे रांगेनं आले, आणि सुवर्णानंही एक टाकला. सगळ्यांनी टाकला म्हणून टाकला. या एका चेहऱ्याची तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी हजेरीला नंदी 'प्रेझेंट मॅडम' म्हणाली नाही, 'हजर' म्हणाली. तेवढंच. रुसली नव्हती. गणितं सोडवत होती, मराठीची कविता मोठ्यानं म्हणत होती, खिचडी दोनदा घेत होती. फक्त इंग्रजीचं पुस्तक उघडलं की तिचे ओठ मिटायचे, आणि सगळा वर्ग गुड मॉर्निंग म्हणायचा तेव्हा ते नुसते हलायचे, आवाज नसायचा. सुवर्णानं सगळं करून बघितलं. चॉकलेट दिलं, ते तिनं घेतलं आणि खाल्लं. गाण्यात पुढं उभं केलं, तिथं ती टाळ्या वाजवत राहिली. एकटीला जवळ घेऊन विचारलं, "नंदे, काय झालं गं? बोलत का नाहीस?" तर पोर शांतपणे म्हणाली, "मला येत न्हाई मॅडम, इंग्लिश." येत न्हाई. आठ वर्षांची पोर, आणि किती समजूतदारपणे बोलली. आणि तिच्यामागं एकेक करून बाकीचीही गप्प व्हायला लागली होती. काल तर सुवर्णा एकटीच वर्गात इंग्रजी बोलत होती आणि अठरा पोरं तिच्याकडं टकामका बघत होती.

"मॅडम, लावून बघा," दुकानातल्या मुलीनं नवा चष्मा पुढं केला. सुवर्णानं तो लावला आणि समोरच्या आरशात तिला कपाळावरचं टेंगूळ स्वच्छ दिसलं. वय एकोणचाळीस, नोकरी पक्की, पदवीला इंग्रजी विषय, आणि हे टेंगूळ. तिला एकदम यवतचा रस्ता आठवला. तो आठवला की आधी डिझेलचा आणि तापलेल्या रबराचा वास यायचा, मग आप्पा, तिचे वडील, दिसायचे. हायवेला लागून पत्र्याचं दुकान, बाहेर लटकवलेला एक टायर, आणि त्या टायरवर पांढऱ्या रंगानं आप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं, येथे पंक्चर काढून मिळेल. हौशीराम पंक्चरवाले म्हटलं की पाटसपासून उरुळीपर्यंतचे ड्रायव्हर ओळखायचे. लहानपणी सुवर्णा शाळेतून सुटली की त्या दुकानात पाण्यानं भरलेल्या लोखंडी पाटीजवळ बसायची. आप्पा ट्यूब हवा भरून पाण्यात दाबायचे, हळूहळू फिरवायचे, आणि सांगायचे, "तू बघ. माझं डोळं म्हातारं झालं." मग एका ठिकाणाहून बुडबुड्यांची बारीक माळ वर यायची आणि ती ओरडायची, आप्पा, सापडलं. त्यांचे डोळे मुळीच म्हातारे झाले नव्हते, हे तिला फार उशिरा कळलं.

पुढं पुण्याच्या डी.एड. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या मॅडमनी प्रत्येकीला उभं करून घरची माहिती विचारली, तेव्हा सुवर्णा उठली आणि अभिमानानं म्हणाली, "माय फादर रिमूव्ज पंक्चर्स." मॅडमनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि विचारलं, "अँड आफ्टर रिमूव्हिंग, व्हेअर डज ही कीप देम?" वर्गात हशा फुटला. त्या मॅडमही काही दुष्ट नव्हत्या, नंतर त्यांनी तिला नीट वाक्य सांगितलं, फळ्यावर लिहून दाखवलं. पण ते वाक्य सुवर्णाच्या डोक्यात शिरलंच नाही. तिला एवढंच कळलं, की आप्पा रोज जे करतात ते इंग्रजीत सांगितलं की लोक हसतात. मग ती 'माय फादर हॅज टायर बिझनेस' म्हणायला शिकली. लग्न ठरताना तेच सांगितलं, नोकरीच्या मुलाखतीत तेच सांगितलं. इंग्रजी तिनं पाठ केली, परीक्षा पास झाली, शिकवायला लागली. पण पुस्तकात नाही असं एकही वाक्य गेल्या एकोणीस वर्षांत तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. घरात नाही, वर्गात नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पुस्तकात वाक्यं भरपूर असतात. आणि मग तिच्याच वर्गात एक पोर उभी राहिली, पुस्तकात नसलेलं वाक्य बेधडक बोलली, आणि सुवर्णा हसली. आता हे कुणाला सांगायचं, आणि सांगून कोण काय करणार, असं मनाशी म्हणत ती स्टुलावरून उठली. बाहेर पडताना दारावर आतल्या बाजूनं पुश लिहिलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं.

घर उजवीकडं होतं. स्कूटी तिनं डावीकडं घातली, न्हावऱ्याच्या रस्त्याला. घरी फोन करून सांगितलं, उशीर होईल, आणि का ते विचारायच्या आत फोन ठेवला. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, एकीमागं एक, हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा कचरा रस्त्यावर सांडत चाललेली. नव्या चष्म्यातून रस्ता जवळ आल्यासारखा दिसत होता आणि खड्डे मुळीच नव्हते तिथं दिसत होते. काय सांगायचं जाऊन? पोरीच्या बापाला काय म्हणायचं, तुमच्या पोरीला हसले? शिक्षक असं सांगत नसतात. शिक्षक पालकांना बोलावून पोरांच्या चुका सांगतात. दोनदा तिच्या मनात आलं की परत फिरावं, सोमवारी बघू. पण सोमवारी पुन्हा ते हलणारे बिनआवाजाचे ओठ बघावे लागणार होते, आणि हळूहळू त्यांचीही सवय होणार होती, हे तिला चांगलं माहीत होतं. सवय झालेली पोरं तिनं पाहिली होती. ती स्वतःच एक होती. इनामगाव मागं पडलं, पांढरीचं टेकाड आलं, जिथं मागं कधीकाळी बाहेरचे लोक येऊन मडकी उकरून गेले, आणि म्हणतात की तिथं तीन हजार वर्षांपूर्वीचा पाण्याचा पाटही निघाला. म्हणजे तेव्हाही इथं कुणीतरी पाटावर उभं राहून पाणी देत असणार, सुवर्णाच्या मनात आलं. घोड नदीकडून गार वारा आला आणि तिच्या टेंगळाला लागला.

वस्तीवर साखरबाई, नंदीची आजी, दारातच शेंगा फोडत बसली होती. "बाई आल्या, बाई आल्या," म्हणत उठायला लागली. "आन् कपाळाला काय झालं वं?"

"दार लागलं, मावशी."

"दार लागलं? बघून जायचं की. बसा, च्या टाकते."

"चहा नंतर. ईश्वरभाऊ कुठं आहेत?"

"कांद्यात हाय. दारं धरतोय. ह्या आठवड्यात दिवसाची लाईट हाय न्हवं, पोरगीबी तिकडंच हाय."

दारं धरतोय. हजारदा ऐकलेला शब्द. सुवर्णा बांधावरून चालत गेली तेव्हा ईश्वर, नंदीचा बाप, गुडघाभर चिखलात उभा होता, हातात खोरं, पँट वर गुंडाळलेली. नदीवरच्या मोटरीचं पाणी पाटातून येत होतं आणि पाटाच्या बाजूला कांद्याचे वाफे ओळीनं होते, प्रत्येक वाफ्याला मातीच्या बांधात वीतभर फट. ती फट म्हणजे दार. एक वाफा भरला की ईश्वर खोऱ्यानं चिखल ओढून ते दार लावायचा आणि पुढच्याचं मोडायचा, पाणी वळायचं, आणि वाफा भरेपर्यंत तो तिथं उभा असायचा. चौदा वर्षं या रस्त्यानं जाऊन-येऊन सुवर्णानं हे थांबून कधी बघितलं नव्हतं. नंदी पलीकडं बांधावर चपला हातात घेऊन उभी होती. मॅडमना बघून तिनं चपला घातल्या.

"या मॅडम," ईश्वर म्हणाला. "पोरीनं काय केलं का?"

"नाही नाही. तिनं काही नाही केलं." मग तिनं तसंच सांगून टाकलं, पाण्याकडं बघत. "तो व्हिडिओ काढला होता ना, त्यात मी हसले. म्हणून आले."

ईश्वरनं खोरं टेकवलं. "बघितला की मी. समद्या गावानं बघितला. पर मला एक कळंना मॅडम, तिचं चुकलं कुठं? दाराला इंग्लिशमधी काय म्हंत्यात?"

"डोअर."

"आन् धरायला?"

"होल्ड."

"मग बरोबरच हाय की." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"बरोबर आहे हो. पण इंग्रजीत तसं म्हणत नाहीत."

"का? तिकडं दारं धरत न्हाईत व्हय?"

तेवढ्यात घराकडून साखरबाईची हाक आली, "ईश्वऱ्या, कालवड सुटली रं, हरभऱ्यात शिरली." ईश्वरनं एकदा कालवडीकडं आणि एकदा वाफ्याकडं बघितलं. "द्या इकडं," सुवर्णा म्हणाली आणि स्वतःलाच नवल वाटेल अशा झटक्यानं तिनं त्याच्या हातातलं खोरं घेतलं. "अवो मॅडम, साडी..." असं म्हणत तो गेलाही, कारण कालवड हरभरा सोडायला तयार नव्हती.

मग तिथं दोघीच राहिल्या. पाणी मात्र कुणासाठी थांबत नव्हतं. वाफा भरत आला, पाणी कांद्याच्या पातीच्या कमरेपर्यंत चढलं, सुवर्णानं साडी खोचली, चप्पल काढली आणि चिखलात पाय घातला. गार, गुळगुळीत, बोटांच्या मधून वर येणारा चिखल. कितीतरी वर्षांत तिच्या पायाला फरशीशिवाय काही लागलं नव्हतं. खोरं तिला वाटलं त्याच्या दुप्पट जड निघालं. तिनं ते दाराच्या तोंडाशी टेकवलं आणि झाडूनं ढकलावं तसा चिखल पुढं ढकलला. चिखल पाण्याबरोबर वाहून गेला. पुन्हा ढकलला. पुन्हा गेला. दार होतं त्याहून रुंद झालं. बांधाच्या टोकावरची माती खचायला लागली, पाणी पलीकडच्या वाफ्यात उडी मारायच्या बेतात आलं, आणि सुवर्णा घाबरून अजून जोरानं ढकलायला लागली. नंदी बांधावर उभी होती, ओठ घट्ट मिटलेले, नजर मात्र दारावर. तिच्या बापाचा कांदा बुडत होता.

"पुश न्हाई मॅडम," ती एकदम म्हणाली. "पुल. पुल करा. पुल."

सुवर्णाचे हात थांबले. मग तिनं खोरं पलीकडं टाकून आपल्याकडं ओढलं. चिखलाचा मोठा लगदा खोऱ्यात बसून आला आणि दाराच्या तोंडात जाऊन पडला. अजून एक. पाणी अडलं. आता पुढचं मोडायचं, पण कुठलं, दोन्ही बाजूंना वाफे होते, आणि पाटातलं पाणी तुंबून वर चढत होतं. "विच डोअर?" सुवर्णा ओरडली. "नंदी, विच डोअर?"

"दॅट डोअर, मॅडम. दॅट. ओपन. न्हाई न्हाई, लेफ्ट."

डावीकडचं दार मोडलं. पाणी वळलं आणि पुढच्या कोरड्या वाफ्यात शिरलं, भेगांमध्ये गडप होत, पुन्हा वर येत. सुवर्णा खोऱ्याला टेकून धापा टाकत उभी राहिली आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की आपण आत्ता पुस्तकात नसलेलं इंग्रजी बोललो. दोनच शब्द होते. पण ते तिनं जुळवले नव्हते, तपासले नव्हते. लागले म्हणून आले होते. एक पाऊल टाकायला गेली तर पाय सटकला आणि बाई चिखलात बसल्या, नव्या चष्म्यासकट. नंदीच्या तोंडातून हसू फुटलं, आणि लगेच तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिचे डोळे भ्यालेले होते.

"हस गं," सुवर्णा म्हणाली. "मी पण हसले होते तुला. माझं चुकलं, नंदे. तुझं वाक्य बरोबर होतं."

पोरीनं हात खाली घेतले. तिनं हे वाक्य नीट ऐकून घेतलं, खरं आहे का ते मॅडमच्या तोंडाकडं बघून तपासलं, आणि मग बांधावर उकिडवी बसली. वाफा भरायला वेळ होता. दारं धरताना लोक गप्पा मारतातच. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मॅडम, युवर फादर व्हॉट डू?"

घोड नदीवरून वारा येत होता. सुवर्णानं चष्मा पदराला पुसला. टायर बिझनेस जिभेवर आलं होतं, सवयीनं. ते तिनं गिळलं.

"माय फादर," ती म्हणाली, "रिमूव्ज पंक्चर्स."

नंदी हसली नाही. तिनं मान हलवली, थोडा विचार केला आणि विचारलं, "काढून कुठं ठेवत्यात?"

तोच प्रश्न. एकोणीस वर्षांनी, शब्दाला शब्द. फक्त या वेळी विचारणारीला उत्तर हवं होतं. सुवर्णानं चिखलाच्या हातानं ट्यूब कशी धरायची ते हवेत करून दाखवलं. "ही पुट्स द ट्यूब इन वॉटर," ती सावकाश म्हणाली, एकेक शब्द आठवून नाही, डोळ्यांसमोर दिसतंय ते बघून. "ही टर्न्स इट. आय सिट नियर. बबल्स कम. देन आय से, आप्पा, हिअर." मग मराठीत म्हणाली, "ठेवत नाहीत कुठं. पाण्यात सोडून देतात."

"म्हंजी तुमचं आप्पाबी पाण्याचंच काम करत्यात," नंदी म्हणाली. आणि उठून उभी राहिली, हात अंगाला चिकटवून, वर्गात उभी राहते तशी, समोर फक्त कांद्याचे वाफे होते तरी. "माय फादर होल्ड्स द डोअर्स," ती मोठ्यानं म्हणाली. "युवर फादर रिमूव्ज द पंक्चर्स." पलीकडं हरभऱ्याच्या कडेला कालवडीचा दोर धरून उभ्या असलेल्या ईश्वरनं मान वळवून बघितलं. तो तिथंच थांबला.

पाणी वाफ्याच्या टोकाला पोचलं होतं.

"क्लोज, मॅडम," नंदी म्हणाली.

सुवर्णानं खोरं पलीकडं टाकलं आणि आपल्याकडं ओढलं.